वाक्यात उपयोग

३ फेब्रुवारी

ताई,

शाळेत पत्रलेखनाच्या प्रश्नात माझा कधी अर्धा गुणही गेला नाही, हे तुला ठाऊक आहे. तरी आज मायन्यापाशीच तीन कागद वाया गेले. ‘तीर्थरूप’ फार लांबचे वाटले आणि ‘प्रिय’ लिहिण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही, ते कळेना. शेवटी नुसते ‘ताई’ ठेवले आहे. दहा वर्षांत हा शब्द मोठ्याने उच्चारण्याचा प्रसंग आला नाही, त्यामुळे तो अजून कोरा आहे.

मी वाळवी. पुस्तके बांधणाऱ्याच्या घरात पुस्तके खाणारी मुलगी जन्मली म्हणून बाबांनी ठेवलेले नाव. आता या नावाने मला कोणी हाक मारत नाही. आई ‘अगं’वर भागवते, आणि रुग्णालयात मी ‘हळूबाई’ आहे. हो, मी डॉक्टर झाले, म्हणजे जवळजवळ. शेवटचे वर्ष कामाचे असते, ते चालू आहे, आणि सध्या मला तातडीच्या विभागात टाकले आहे.

तुझा पत्ता पाकिटामागून उतरवून घेतला. तू आईला दरवर्षी लिहितेस ती पत्रे पोचतात. आई ती फोडत नाही, पण फेकतही नाही. घराचे कागद असतात त्या निळ्या पिशवीत घालून ठेवते. माझे एक प्रमाणपत्र शोधायला मी गेल्या आठवड्यात ती पिशवी उपसली. दहा पाकिटे मिळाली आणि त्यांच्याखाली आणखी एक कागद मिळाला. त्याविषयी आज लिहीत नाही.

त्याऐवजी मोठ्या सिस्टरांविषयी लिहिते. या विभागात त्यांना तीस वर्षे झाली. पहिल्या दिवशी मी रुग्णाच्या उशाशी उभी राहून त्याचे कागद वाचत होते. सिस्टर शेजारी येऊन म्हणाल्या, “हळूबाई, कागद कुठे पळत नाही. माणूस पळेल. आधी हात धर.” मग त्यांनी मला हात धरायला शिकवले. हात थंड आहे की गरम, ओलसर आहे की कोरडा. नाडी किती आणि कशी. बोटाचे नख दाबायचे, सोडायचे, आणि पांढरे पडलेले नख मनात ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत गुलाबी झाले पाहिजे. नाही झाले, तर अंगात रक्त पुरेसे फिरत नाही. त्या अवस्थेला आमच्याकडे शॉक म्हणतात.

पुस्तकात त्यावर मोठे प्रकरण आहे आणि ते मला तोंडपाठ होते. सिस्टरांनी ते चार वाक्यांत संपवले. घराला पाणी मिळत नाही, याची कारणे चारच. टाकी रिकामी झाली, म्हणजे रक्त गेले किंवा जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले. मोटर बिघडली, म्हणजे हृदय. नळ्या नको तेवढ्या सैल पडल्या, म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, किंवा अंगाला न मानवणारे काही, किंवा कण्याची दुखापत. आणि चौथे, नळीवर कोणीतरी पाय देऊन उभे आहे, म्हणजे छातीत हवा कोंडली किंवा गुठळी अडकली. “पहिल्यात टाकी भर आणि गळती बुजव,” त्या म्हणाल्या. “चौथ्यात पाय काढ. पण मोटर बिघडलेली असताना आंधळेपणानं पाणी ओतत बसलीस, तर घर बुडवशील. म्हणून आधी ओळख, मग धाव.”

बाबा असेच शिकवायचे, नाही? आधी पानांचे क्रम बघ, मग सुई घे.

उत्तर लिहिलेच पाहिजे असे नाही.

वाळवी

१२ फेब्रुवारी

ताई,

तुझे कार्ड मिळाले. दोनच ओळी आहेत, पण अक्षर तेच आहे, उजवीकडे कललेले, घाईत निघाल्यासारखे. ‘पत्र पोचलं. तो दुसरा कागद कोणता?’ तू विचारशील हे मला माहीत होते. खरे तर विचारावेस म्हणूनच मी तो उल्लेख केला होता. सांगते. पण त्याआधी या आठवड्यात घडलेले सांगावे लागेल, नाही तर माझे सांगणे मागचेपुढचे होईल.

सोमवारी एक निवृत्त मास्तर आले. लघवीची जळजळ, दोन दिवस ताप, आणि सकाळपासून बोलणे भरकटलेले. मुलाला ‘हजर’ म्हणायला सांगत होते. मी शिकवल्याप्रमाणे आधी हात धरला. तो छान ऊबदार होता. नख दाबले, तेही लगेच गुलाबी. मी कागदावर ‘रक्ताभिसरण ठीक’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले. सिस्टरांनी रक्तदाब मोजला, तो पार खाली होता. “गरम हाताला फसलीस,” एवढेच त्या म्हणाल्या. नळ्या सैल पडतात तेव्हा सुरुवातीला हात गरम राहतो. माणूस बुडत असतो आणि हात मात्र उबदार. आमच्या वरिष्ठ मॅडमांनी तपासणीला रक्त घेऊन तासाभरात प्रतिजैविक सुरू केले, शिरेतून सलाईन दिले, आणि तेवढ्याने दाब उचलला नाही तेव्हा तो चढवणारे औषधही. आज मास्तरांनी माझे अक्षर पाहून दहापैकी नऊ दिले. एक गुण मजकुरासाठी कापला, म्हणाले. त्यांना कोणी सांगितले होते, देव जाणे.

पण मला सांगायचे आहे ते मंगळवारचे.

दुपारी एका रंगाऱ्याला आणले. शिडीवर चढून भिंत रंगवत असताना वळचणीच्या पोळ्यातली गांधीलमाशी मानेवर चावली होती. दहाच मिनिटांत अंगभर पित्ताच्या गांधी, ओठ सुजलेले, श्वासात शिट्टी, आणि नाडी अशी की बोटाखाली सापडते न सापडते. मॅडम दुसऱ्या खोलीत एका छातीत दुखणाऱ्या बाईंजवळ होत्या. मी ओळखले, ताई. अंगाला माशीचे विष मानवले नव्हते आणि सगळ्या नळ्या एकदम सैल पडल्या होत्या. मी ‘ॲड्रिनलिन’ असे ओरडले. माझा आवाज तेवढा मोठा आहे, हे मलाही माहीत नव्हते. सिस्टरांनी सुई आधीच भरली होती. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत दिली. त्याला आडवे निजवले, पाय उंच केले, प्राणवायू लावला, सलाईन सोडले. काही मिनिटांत शिट्टी विरळ झाली आणि नाडी बोटाखाली भरून आली. “हळूबाईला आवाज आहे म्हणायचा,” सिस्टर म्हणाल्या. मला दिवसभर पुरेल एवढी ती शाबासकी होती.

मग मी बाहेर जाऊन त्याच्या बायकोला सांगितले की, ते शॉकमध्ये गेले होते, आता बाहेर आले आहेत.

ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणाली, “सकाळी मीच तोंड सोडलं हो. रंगाचे हात पडद्याला पुसले म्हणून. पण एवढं मनाला लावून घेतील असं वाटलं नव्हतं.”

मग मी तिला बाकावर बसवले. हा शॉक मनाचा नव्हे, हे टाकी आणि नळ्या घेऊन सांगितले. तिने मान हलवली, पण पटले नव्हते. अखेर तिला आत नेले. रंगाऱ्याने प्राणवायूचा मुखवटा जरा बाजूला केला आणि म्हणाला, “तुझं बोलणं बावीस वर्षं ऐकतोय. त्यानं मी पडत नसतो. माशी होती ती.”

सगळे हसले. ती रडली. मी औषधांच्या खोलीत जाऊन उभी राहिले आणि बाटल्यांवरची नावे वाचत राहिले.

आज इथेच थांबते. पुढचे पत्र लिहिण्यासाठी मला रविवारची सुट्टी लागेल.

वाळवी

१६ फेब्रुवारी

ताई,

कागद बाबांचा आहे. रुग्णालयाने त्यांच्यामागे आपल्याला दिलेला, दोन बाजूंनी लिहिलेला. घरात कोणी तो वाचला नव्हता, कारण डॉक्टरांचे अक्षर आणि इंग्रजी, दोन्ही वाचता येणारे कोणी नव्हते. आता मला येते.

त्यात लिहिले आहे की, रुग्णाने स्वतः सांगितल्यानुसार दोन दिवसांपासून शौचाला काळे, डांबरासारखे होत आहे. उभे राहिल्यावर चक्कर. सहा महिने कंबरदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या, बहुधा उपाशीपोटी. हात थंड आणि ओले, नाडी एकशे चाळीस, रक्तदाब मोजता येत नाही. पोटात जखम होऊन आतल्या आत रक्तस्राव. रक्त आणि सलाईन दिले, उपयोग झाला नाही. आणि शेवटी निदानाच्या रकान्यात दोन शब्द. मी त्यांचे भाषांतर असे करीन: रक्त कमी पडल्याने शॉक.

टाकी रिकामी झाली होती, ताई. तू त्या संध्याकाळी चष्मेवाल्याशी लग्न करणार असल्याचे सांगितलेस, त्याच्या दोन दिवस आधीपासून ती गळत होती. तू बोलत असताना बाबा टेबलाला धरून खाली बसले, कपाळाला घाम आला, त्यांनी दोनदा पाणी मागितले. आपण सर्वांनी ते तुझ्या बोलण्याचे फळ मानले. पण मी त्याच दिवशी सकाळी त्यांना कागद तिरका कापताना पाहिले होते. बाबांनी, तिरका. त्यांच्या बोटांची नखे पांढरी दिसत होती आणि मला वाटले, खळ वाळली असेल.

इथवर लिहिणे सोपे होते. आता जे लिहायचे आहे, ते तुला कोणीच सांगितले नसणार, कारण तेव्हा तू तिथे नव्हतीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा रुग्णालयात होते आणि तू चिठ्ठी घेऊन समोरच्या दुकानात औषधे आणायला गेली होतीस. डॉक्टर बाहेर आले. फार थकलेले होते. ते म्हणाले, “आणलं तेव्हाच पेशंट शॉकमध्ये होता. आम्ही खूप प्रयत्न केले.” आणि आत गेले. आई भिंतीला टेकून उभी होती. आत्या माझ्याकडे वळल्या. घरात पहिला नंबर आणणारी मीच ना. “तू हुशार ना गं,” त्या म्हणाल्या, “शॉक म्हणजे काय?”

मी तेरा वर्षांची होते. बाबांनी लाल कापडात बांधून दिलेला शब्दकोश मला जवळजवळ पाठ होता. ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नाला दोन गुण असत, एक अर्थाला आणि एक वाक्याला. मी दोन्ही मिळवले. म्हणाले, “शॉक म्हणजे धक्का. अनपेक्षित बातमी ऐकून त्याला धक्का बसला.”

“बातमी,” आत्या म्हणाल्या. त्याच वेळी तू हातात औषधांची पुडी घेऊन दारातून आत आलीस आणि सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिले.

आत्यांनी पुढे दहा वर्षे ते वाक्य वापरले. पण वाक्य माझे होते.

तू निघून गेलीस त्या सकाळी मला विचारले होतेस, “तुलाही तसंच वाटतं का गं?” मी गप्प राहिले. लोकांना वाटले, लाजाळू मुलगी आहे. मला तसे वाटत नव्हते आणि त्याला कारण होते. ते कारण मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. त्या संध्याकाळी तू रागाने खोलीत गेल्यावर मी बाबांना पाणी नेऊन दिले. ते पाणी प्यायले, त्यांनी माझा चष्मा नाकावर सरळ केला आणि म्हणाले, “चष्मेवाला निवडलाय म्हणे तिनं. चला, तुझ्या चष्म्याची कायमची सोय झाली, वाळवी.”

ते हसत होते. त्यांचा हात थंड होता, पण ते हसत होते. ज्याला धक्का बसतो तो असे बोलत नाही, हे तेरा वर्षांच्या मुलीलाही कळते. पण ते सांगितले असते तर माझे उत्तर चुकले असते, आणि माझे उत्तर कधी चुकत नसे. आधी उत्तराच्या अभिमानाने गप्प राहिले, मग भीतीने, मग इतकी वर्षे गेली म्हणून.

क्षमा मागण्याचा नमुना पत्रलेखनाच्या पुस्तकात आहे. तो मी येथे वापरत नाही. आईला अजून सांगितलेले नाही. सांगणार आहे.

वाळवी

१ मार्च

ताई,

या वेळी तुझे कार्ड आले नाही. त्याची वाट पाहण्याचा हक्क मला नाही, तरी रोज दुपारी जिन्यावर टपालवाल्याची चाहूल घेत होते, हे लपवत नाही.

आईला सांगितले. गेल्या रविवारी सकाळी ती बाबांच्या टेबलाशी शाळेच्या हजेरीपटांची शिलाई करत होती. बाबांमागे बांधणीचे काम तिनेच चालू ठेवले, हे तुला कदाचित माहीत नसेल. मी कागद तिच्यासमोर ठेवला आणि ओळीवर बोट ठेवून एकेक वाचून दाखवले. काळे शौच. गोळ्या. नाडी. तिची सुई वर गेलेली तशीच राहिली.

मग ती म्हणाली, “तेव्हा तू अर्थ सांगितला होतास आणि वाक्यही केलं होतंस. मला आठवतंय. आता पुन्हा कर.”

तोंडी परीक्षेला परगावचे परीक्षक होते, ताई, तेव्हाही इतके अवघड गेले नव्हते. मी म्हणाले, “पोटातल्या रक्तस्रावानं रक्त कमी पडलं, म्हणून बाबा शॉकमध्ये गेले. कोणाच्या बोलण्यानं नाही.”

“ती बोलली नसती तरी?”

“तरीही.”

“आणि दोन दिवस आधी नेलं असतं तर?”

मोठ्या सिस्टर म्हणतात, नातेवाइकांना खोटा धीर देऊ नये. तो एका दिवसात विरतो. मी म्हणाले, कदाचित वाचले असते, नक्की सांगता येत नाही. आईने टाका पूर्ण केला, गाठ मारली, दोरा तोडला. “गोळ्या मीच आणून द्यायचे,” ती म्हणाली. “उपाशीपोटी घेऊ नका म्हणायचे, पण बघत कुठे होते.” मला रंगाऱ्याची बायको आठवली. माणसे दोष असा हातात धरून उभीच असतात, कोणाला द्यावा की स्वतःकडे ठेवावा, एवढाच प्रश्न असतो. मी तिचा हात हातात घेतला आणि नकळत तिचे नख दाबून मनात मोजू लागले. दोनच्या आत गुलाबी झाले.

“हे काय करतेस?”

“सवय लागली आहे.”

मग चष्म्याचे सांगितले. बाबा जसे म्हणाले होते तसेच, शब्द न बदलता. आई हसली, ताई. आवाज आला हसण्याचा. मग तिने तोंडावर हात धरला आणि हाताआडून म्हणाली, “असंच बोलायचे ते. आणि तू हे दहा वर्षं पोटात ठेवलंस?” तिने पुन्हा विचारले नाही. पण त्या दिवशी ती माझ्याशी आणखी काहीच बोलली नाही, आणि तेही मला रास्तच वाटले.

आत्यांना फोनवर मीच कळवले. त्या म्हणाल्या, डॉक्टर लोकांचं काय, दर दहा वर्षांनी बदलतं त्यांचं. मी त्यांना तो कागद नेऊन दाखवणार आहे, आणि नाही पटले तर पुन्हा दाखवीन. आवाज आहे मला आता.

सोमवारी कामावरून परतले तेव्हा निळी पिशवी टेबलावर होती. आईने तुझी पाकिटे तारखेप्रमाणे लावली होती आणि बाबांच्या घडी घालायच्या हाडाच्या पट्टीने पहिले पाकीट फोडले होते. कडा इतकी सरळ, जणू ते विकायला ठेवायचे आहे. रोज एक वाचते. दोन वाचत नाही. मला वाचू देत नाही. तिसऱ्या पत्रात काय आहे मला ठाऊक नाही, पण ते वाचून तिने तुझी खोली झाडली. काल सहावे झाले. वाचता वाचता डोळे चोळत मला म्हणाली, “तिला लिही, माझा नंबर वाढलाय. तिचं अक्षर पहिल्यापासूनच बारीक.”

मी म्हणाले, आणखी काय लिहू? तिने विचार केला आणि म्हणाली, “एवढंच लिही. तिला कळेल.”

म्हणून एवढेच लिहिते.

तुझी वाळवी

ता. क. आईचे डोळे रुग्णालयात तपासून घेतले आहेत. नंबर सोबतच्या चिठ्ठीवर आहे, तो भाऊजींना दाखव. घाई नाही, असे आई म्हणते. पण मी विचारून आले आहे: चष्म्याच्या काड्या कानामागे आणि पूल नाकावर माणूस समोर बसवूनच जुळवावे लागतात. चष्मा टपालाने पाठवता येत नाही.